इंग्रजीतील लांब शब्दांची फोड

इंग्रजीतील लांब शब्द दोन अंगांनी फोडता येतो. उच्चाराच्या अंगाने फोडला तर अवयव, म्हणजेच सिलॅबल, मिळतात. अर्थाच्या अंगाने फोडला तर रूपिम मिळतात. अवयव म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनींचा गट, लिहिलेले अक्षर नव्हे. ‘दगड’ या मराठी शब्दात अक्षरे तीन आहेत, पण अवयव दोनच : द-गड. रूपिम हा अर्थ असलेला सर्वांत लहान घटक. तो आणखी तोडला की अर्थ उरत नाही. ‘क्रॉकोडाइल’मध्ये अवयव तीन आणि रूपिम एकच. उलट ‘कॅट्स’मध्ये अवयव एकच, पण रूपिम दोन, कारण शेवटचा ‘स्’ अनेकवचन दाखवतो.

या दोन फोडींचे सांधे पुष्कळदा जुळत नाहीत, आणि विषय खरा रंगतो तो इथेच. ‘हेलिकॉप्टर’ घडला तो ग्रीक ‘हेलिक्स’ (मळसूत्र) आणि ‘प्टेरॉन’ (पंख) यांपासून. अर्थाचा सांधा ‘हेलिको’नंतर आहे. पण ‘प्ट’ने सुरू होणारा उच्चार इंग्रजी जिभेला मानवत नाही, म्हणून अवयव पडतात ते हे-लि-कॉप-टर असे. बोलणाऱ्यांनी मग ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ हेच दोन तुकडे मानले आणि त्यातून ‘हेलिपॅड’सारखे शब्द तयार झाले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही फोड चुकीची, तरी भाषेने ती पूर्णपणे आपलीशी केली आहे.

प्रत्यय लागला की आघातही, म्हणजे उच्चारातला जोरही, सरकू शकतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘फोटोग्राफी’चा इंग्रजी उच्चार फ-टॉग-र-फी असा होतो; ‘ग्राफ’मधला ‘ग’ मागच्या अवयवाला जाऊन चिकटतो. ‘-इक’, ‘-इटी’ हे ग्रीक-लॅटिन वळणाचे प्रत्यय अशी उलथापालथ करतात, कधी व्यंजनही बदलतात : ‘इलेक्ट्रिक’मधला ‘क’ ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘स’ होतो. ‘-नेस’, ‘-लेस’ हे मूळचे इंग्रजी प्रत्यय मात्र आघाताला धक्का लावत नाहीत.

रूपिम एकापुढे एक नुसते मांडलेले नसतात, ते थरांनी चढतात. ‘अनलॉकेबल’चे दोन अर्थ होतात. आधी ‘अनलॉक’ जुळवून ‘-एबल’ लावले तर ‘कुलूप उघडता येण्याजोगे’. आधी ‘लॉकेबल’ जुळवून ‘अन-’ लावले तर ‘कुलूप लावता न येणारे’. २८ वर्णांचा ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ही असाच आतून बाहेर वाचावा : गाभा ‘एस्टॅब्लिश’, भोवती ‘डिस-’, ‘-मेंट’, ‘-एरियन’, ‘-इझम’ आणि ‘अँटि-’. चर्चची राज्यसंस्थेपासून फारकत करण्यास विरोध, हा त्याचा अर्थ.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना छपाईलाही यातून वाट काढावी लागते. ‘नॉलेज’चे स्पेलिंग अमेरिकी पद्धत उच्चार पाहून ‘एल’नंतर तोडते, जुनी ब्रिटिश पद्धत ‘नो’ (जाणणे) हा मूळ शब्द अखंड ठेवून ‘एल’च्या आधी तोडते. फ्रँकलिन लिआंग यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंधात हे काम संगणकाकडून करून घेण्याची रीत मांडली. तिच्यात शब्द कुठे तोडता येतो हे ठरवणारे वर्णांचे ४४४७ नमुने होते आणि ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीने ती वापरली.

स्पेलिंग घोकणाऱ्याला अर्थाची फोड अधिक उपयोगी पडते. ‘साइन’मधला मुका ‘जी’ निरर्थक वाटतो, पण ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’ शेजारी ठेवले की तोच ‘जी’ स्पष्ट ऐकू येतो.