यँकी स्टेडियम ते न्यूटाउन: मिसूरी सिनडमधील वादाची पार्श्वभूमी

लुथरन चर्च–मिसूरी सिनड हा मार्टिन लुथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांचा (स्थानिक चर्चचा) संघ. त्याचा पाळक सर्वधर्मीय प्रार्थनासभेत उभा राहिला की त्याच्यावर तक्रार का होते, हे बाहेरच्यांना पटत नाही. त्याची मुळे जर्मनीत आहेत.

1817 साली, धर्मसुधारणेच्या त्रिशताब्दीला, प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा याने लुथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतील) मंडळ्या एकत्र आणायला घेतल्या. पुढे सक्तीने आलेल्या उपासनाविधीत प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) देताना पाळकाने म्हणायचे होते, ‘ख्रिस्त म्हणतो, हे माझे शरीर आहे.’ ‘ख्रिस्त म्हणतो’ एवढे पुढे जोडले की पाळक स्वतः काहीच ठासून सांगत नाही; मग भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर आहे असे मानणारा आणि तिला केवळ खूण मानणारा, दोघांचेही समाधान! लुथरनांचा आक्षेप नेमका यालाच होता. नकार देणारे पाळक तुरुंगात गेले. 1834च्या नाताळात सायलेशियातील होएनिगर्नचे चर्च नव्या विधीसाठी सैन्य पाठवून उघडले गेले.

मिसूरी सिनडच्या संस्थापकांतला एक प्रमुख गट जर्मनीतील सॅक्सनीचा. तिथे हा विलीनीकरणाचा आदेश नव्हता, जाच होता तो श्रद्धेला तर्काची कसोटी लावणाऱ्या बुद्धिवादी चर्च-अधिकाऱ्यांचा. तरी धास्ती तीच, मूळ शिकवण पातळ होण्याची. 1847 साली सिनड स्थापन झाली तेव्हा भिन्न मतांच्या मंडळ्यांसोबत उपासना न करणे ही सदस्यत्वाची अटच ठरली. संविधानाच्या सहाव्या कलमात ती आजही आहे.

23 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये 11 सप्टेंबरच्या मृतांसाठी सभा झाली. सिनडच्या अटलांटिक डिस्ट्रिक्ट या विभागाचे अध्यक्ष डेव्हिड बेंके यांनी तिथे येशूच्या नावाने प्रार्थना केली. सिनडचे अध्यक्ष जेराल्ड कीश्निक यांची संमती होती. तक्रारदारांचे म्हणणे असे, की बेंके यांनी मैदानाला ‘देवाचे प्रार्थनागृह’ म्हटले, लोकांना हात धरून प्रार्थनेत सामील व्हायला सांगितले. मग ही उपासना नव्हती, नुसती नागरी सभा होती, असे कसे म्हणायचे? सिनडचे उपाध्यक्ष वॉलेस शुल्झ यांनी 2002मध्ये बेंके यांना निलंबित केले. 2003मध्ये सिनडच्या निवाडा समितीने निलंबन उठवले.

2004मध्ये सिनडच्या ईशशास्त्र आयोगाने नागरी कार्यक्रमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळकाने आधी पाहायचे ते एवढे: आयोजक कोण, हेतू नागरी की उपासनेचा, आणि ख्रिस्ताचे नाव घ्यायला मज्जाव आहे का. मज्जाव असेल तर जायचे नाही. अडले ते वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकामागून एक प्रार्थना करतात त्या सभेपाशी. काही परिस्थितींत चालेल, असे काही सदस्य म्हणाले. इतरांना ते मान्य नव्हते. दोन्ही मते सूचनांत तशीच राहिली. आमच्या मते खरी चूक इथेच झाली, कारण प्रत्यक्षात निमंत्रण येते ते बहुधा अशाच सभेचे, आणि उत्तर द्यायला हातात एखादा दिवस असतो.

डिसेंबर 2012मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत 20 मुले आणि 6 प्रौढ गोळीबारात मारले गेले. दोन दिवसांनी झालेल्या सभेला राष्ट्राध्यक्ष ओबामा आले होते. शेवटचा आशीर्वाद सिनडचे स्थानिक पाळक रॉब मॉरिस यांनी दिला. त्यात बायबलमधील प्रकटीकरण या पुस्तकाच्या 21व्या अध्यायातील शब्द होते. मृत मुलांपैकी एक त्यांच्याच मंडळीतले होते. सिनडचे तेव्हाचे अध्यक्ष मॅथ्यू हॅरिसन यांनी मात्र तपशील पाहिला तो असा: प्रार्थना आणि धर्मग्रंथांचे वाचन झाले, इतर धर्मगुरू विधीच्या पोशाखात होते, समारोप आशीर्वादाने झाला, म्हणजे ही संयुक्त उपासनाच. त्यांच्या सांगण्यावरून मॉरिस यांनी क्षमा मागितली, ती मन दुखावल्याबद्दल. देशभर टीका झाली, तेव्हा फेब्रुवारी 2013मध्ये प्रकरण नीट न हाताळल्याबद्दल हॅरिसन यांनीही माफी मागितली. सहाव्या कलमाला मात्र त्यांनी हात लावला नाही.