मधाविना माशी भुलवणारं ऑर्किड

भूमध्य समुद्राभोवतीच्या माळांवर वसंतात ओफ्रिस वंशाची ऑर्किडं फुलतात. फुलाचा खालचा ओठ जाडसर, लवदार. लांबून माशीच बसलीय असं वाटावं. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये यातल्या एका जातीचं नावच ‘इन्सेक्टिफेरा’, म्हणजे ‘कीटक धारण करणारं’, ठेवलं. पण फुलात मध नाही, मग हे सोंग कशासाठी? रॉबर्ट ब्राउनसारख्या नाणावलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला वाटे, कीटकांना लांब ठेवण्यासाठी!

ऑर्किडांच्या परागीकरणावर १८६२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिणारा डार्विनही इथे अडला. त्याने बारकाईने तपासलेलं बी ऑर्किड (मधमाशीसारखं दिसणारं ओफ्रिस) नेमकं स्वपरागण करणारं निघालं. त्याच्या परागपिंडांचे (परागकणांच्या गोळ्यांचे) देठ आपसूक खाली वाकतात आणि वाऱ्याच्या झुळकीने पराग त्याच फुलाच्या कुक्षीला चिकटतात. या फुलावर मधमाशी हल्ला करते, अशी एकाने पाहिलेली गोष्ट डार्विनने नोंदवली खरी, पण तिचा अर्थ त्यालाही लावता आला नाही.

कोडं सुटलं अल्जीरियात, आणि तेही एका न्यायाधीशाच्या हातून. मॉरिस-अलेक्झांडर पुयान वर्षानुवर्षं ओफ्रिस स्पेक्युलम या जातीवर नजर ठेवून होता. या फुलाचा ओठ निळा, चकचकीत, कडेला तांबूस केसांची झालर. त्यावर एकाच जातीची गांधीलमाशी यायची, आणि तीही फक्त नर. हे नर माद्यांच्या आधी बाहेर पडतात. नेमकं तेव्हाच फूल उमललेलं असतं. नर ओठावर बसून पोटाचं टोक झालरीत खुपसतो, मिलनाचा प्रयत्न करतो आणि उडताना डोक्याला परागपिंड चिकटवून घेऊन जातो. पुयान हातात फुलांचा गुच्छ धरून बसला, तरी नर त्यावर झेपावत.

१९१६ मध्ये हेन्री कोरेव्हॉनसोबत त्याने हे छापलं. सुरुवातीला फारशी दखल कुणी घेतली नाही. निरीक्षण हौशी माणसाचं आणि विषय असा, त्यामुळे नवल नाही. १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियात एडिथ कोलमनने वेगळ्याच ऑर्किडवर हाच प्रकार टिपला. पुढे स्वीडनच्या बर्टिल कुलेनबर्गने ओफ्रिसवर दीर्घकाळ काम करून १९६१ मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला आणि रूपापेक्षा वासाकडे लक्ष वेधलं.

तो वास नेमका कशाचा, हे १९९९ मध्ये ओफ्रिस स्फेगोडेस या दुसऱ्या जातीवरच्या अभ्यासातून कळलं. तिच्या फुलाला भुलणाऱ्या माशीच्या मादीच्या अंगावर असतात तीच हायड्रोकार्बनं (कार्बन-हायड्रोजनची संयुगं) फुलावर, जवळजवळ त्याच प्रमाणात सापडली. ती काही खास या कामासाठी घडवलेली नव्हेत. पानं सुकू नयेत म्हणून वनस्पतींवर जो मेणाचा थर असतो, त्यातही हीच संयुगं आढळतात.