रानमोडी बेटांवर कशी पोचली

कोकणात काजूच्या बागांच्या कडेला, घाटरस्त्यांच्या उतारांवर आणि पडीक जमिनीत माजणाऱ्या ज्या तणाला आपण रानमोडी म्हणतो, तेच तण पश्चिम प्रशांत महासागरातील ग्वाम, सायपान, पलाऊ, याप अशा बेटांवरही ठाण मांडून बसले आहे. त्याचे शास्त्रीय नाव क्रोमोलिना ओडोराटा असून ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. तिकोनी पान उलटून पाहिले, तर देठाजवळून निघून तीन फाट्यांत पसरणाऱ्या ठळक शिरा दिसतात, आणि पान चुरगाळले की टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प येतो. एवढ्या दोन खुणांवर ते कुठेही ओळखता येते.

त्याचे मूळ घर अमेरिका खंडात आहे. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांमार्गे उत्तर अर्जेंटिनापर्यंत ते निसर्गतः वाढते. मात्र तेथे ते सहसा डोईजड होत नाही, कारण त्याच्या पानांवर, खोडांवर आणि फुलांवर जगणारे शेकडो जातींचे कीटक व सूक्ष्मजीव तेथे आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५९ मध्ये त्याला युपेटोरियम ओडोराटम हे नाव दिले आणि १९७० मध्ये वर्गीकरण बदलून ते क्रोमोलिना झाले. जुन्या मराठी-इंग्रजी पुस्तकांत ते पहिल्या नावाने सापडते, हे शोधणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आशियात ते आपल्याच दाराने आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ते शोभेचे झाड म्हणून लावले गेले होते. तेथून ते बंगाल, आसाम आणि ब्रह्मदेशाकडे सरकले. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मलाया आणि इंडोनेशियातही ते स्थिरावले. जहाजे रिकामी असताना तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या माती-दगडांतून त्याचे बी बंदरोबंदरी उतरले, असेही एक मत आहे. आशियातील रानमोडी त्रिनिदाद आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशातून आली असावी, असे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांवरून दिसते.

ज्या देशात ते पोचले त्या देशाने त्याच्या माथी कुणाचे तरी नाव मारले. इंग्रजीत ते सयामचे (आजच्या थायलंडचे) तण झाले, वास्तविक सयामशी त्याचा जन्माचा काही संबंध नाही. केरळात ते 'कम्युनिस्ट पच्चा' झाले आणि घानात तेथील लष्करी राज्यकर्ते आचेआंपाँग यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. या नावांत वनस्पतिशास्त्रापेक्षा राजकारणच जास्त आहे. तिमोरमध्ये त्याला नुसते 'पांढरे फूल' अशा अर्थाने सुफमुती म्हणतात. आपले नाव त्या मानाने सरळ आहे: रान मोडते ती रानमोडी.

ग्वामवर या तणाची पहिली नोंद १९६३ ची आहे. हे बेट जेमतेम साडेपाचशे चौरस किलोमीटरचे, पण अमेरिकेचे मोठे लष्करी ठाणे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने ते घेतले आणि १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने परत जिंकले. त्यानंतर धावपट्ट्या, रस्ते आणि छावण्यांसाठी बेटाची जमीन मोठ्या प्रमाणावर उकरली गेली. बोडक्या झालेल्या जमिनीची धूप थांबावी म्हणून सुबाभळीचे बी पेरले गेले आणि आज बेटाच्या उत्तर भागात तिची दाट राने आहेत. थोडक्यात, रानमोडी आली तेव्हा मूळ जंगल आधीच फाटलेले होते. या तणाला दाट सावली मानवत नाही; उघडी, नुकती ढवळलेली जमीन हेच त्याचे खरे आवतण.

रानमोडीच्या पसरण्याचे गणित बियांत आहे. एका मोठ्या झुडुपाला हंगामात हजारो बिया धरतात. पुष्कळदा त्या परागीकरणाशिवायच तयार होतात, म्हणजे एकटे झाडही नवी वसाहत उभारू शकते. बी चार-पाच मिलिमीटर लांब, काळपट आणि बारीक असते, त्याच्या डोक्यावर केसांचा तुरा असतो आणि कडांवर सूक्ष्म काटे असतात. वाऱ्यावर ते थोडे अंतर जाते, पण समुद्र ओलांडायला त्याला पँटचे पाय, ट्रकचे टायर किंवा बुलडोझरला चिकटलेला चिखल लागतो. ग्वामहून उत्तरेकडील रोटा, टिनियन आणि सायपान या बेटांवर, तसेच नैऋत्येच्या याप आणि पलाऊवर ते १९८० च्या दशकाअखेर पोचलेले होते. या बेटांमधली माणसांची आणि सामानाची ये-जा पाहता हे घडणारच होते.

डिसेंबर-जानेवारीत फुलून गेल्यावर कोरड्या महिन्यांत झुडूप वाळते, त्याच्या काड्यांत तेल असते आणि एक ठिणगी पडली की वणवा भडकतो. दक्षिण ग्वामच्या गवताळ टेकड्यांवर लागणाऱ्या आगी बहुतेक माणसाने लावलेल्या असतात. हरणांच्या चोरट्या शिकारीसाठी गवत पेटवण्याची चाल तेथे जुनी आहे. आगीत इतर रोपे मरतात, रानमोडी मात्र जमिनीतल्या बुंध्यातून पहिल्या पावसाबरोबर फुटते. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, कारण कोवळ्या पानांत नायट्रेटचे प्रमाण जास्त असते. तिमोरसारख्या, गुरांवर घर चालणाऱ्या बेटावर चराऊ कुरणे तिच्याखाली जाणे म्हणजे थेट उत्पन्नाला हात लागणे होते.

कोयत्याने तोडून किंवा औषध फवारून एवढा पसारा आवरत नाही हे दिसल्यावर तिच्या मूळ घरातले शत्रू आणण्याचा विचार पुढे आला. त्रिनिदादमधील एका पतंगाच्या अळ्या १९७० च्या दशकात आफ्रिका, भारत आणि श्रीलंकेत सोडण्यात आल्या. श्रीलंकेत त्या टिकल्या, इतर बहुतेक ठिकाणी टिकल्या नाहीत. ग्वाम विद्यापीठातले मूळचे भारतीय कीटकशास्त्रज्ञ आर. मुनियप्पन यांनी तोच पतंग भारत आणि त्रिनिदादहून मागवला आणि १९८५ मध्ये मोठ्या संख्येने वाढवून सोडला. येथे तो रुजला. अळ्यांनी झुडुपे अक्षरशः खराटा केली आणि बेटावरचे लोंढे पहिल्यांदा विरळ झाले. पुढे एक विचित्र गोष्ट लक्षात आली: अळ्यांचा मारा बसलेली झाडे पिवळी पडत, त्या पिवळ्या पानांत नायट्रेट वाढे आणि अळ्यांना ती रुचत नसत. म्हणजे झाड मरण्याऐवजी स्वतःला बेचव करून घेत होते.

याच काळात या एका तणावर जगभरचे अभ्यासक एकत्र येऊ लागले. पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा १९८८ मध्ये बँकॉकला आणि चौथी १९९६ मध्ये बंगळूरला झाली. दरम्यान कोलंबियातली एक छोटी माशी इंडोनेशियात, उत्तर सुमात्रातील एका संशोधन केंद्रात पोचली होती. ही माशी शेंड्यावर अंडी घालते, अळ्या खोडात शिरतात आणि तेथे बोटाच्या पेराएवढी गाठ फुगते. गाठ उभी चिरली की आत वेगवेगळ्या कप्प्यांत पांढुरक्या अळ्या दिसतात. कोषात जाण्यापूर्वी प्रत्येक अळी बाहेरच्या सालीपर्यंत कुरतडून पातळ पापुद्र्याची एक खिडकी राखून ठेवते, आणि पुढे माशी ती फोडून बाहेर पडते. झाडाची ताकद गाठीकडे वळल्याने त्याची उंची आणि फुलोरा घटतो. अंड्यापासून माशीपर्यंत सुमारे दोन महिने लागतात.

ही गाठमाशी १९९८ मध्ये इंडोनेशियातून ग्वामला आणली गेली आणि पाठोपाठ पलाऊ व आसपासच्या बेटांवर गेली. २००१ मध्ये ती पापुआ न्यू गिनीत सोडण्यात आली आणि तेथे बऱ्याच प्रांतांत तण इतके खाली बसले की शेतकऱ्यांचे निंदणीचे दिवस कमी झाले. उंच, थंड डोंगराळ भागात मात्र ती नीट जम धरत नाही. २००५ मध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात ती भारतात प्रथम सोडली गेली. ऑस्ट्रेलियात हे तण १९९४ मध्ये उत्तर क्वीन्सलँडमध्ये आढळल्यावर अनेक वर्षे ते समूळ नष्ट करण्याचा खर्चिक प्रयत्न चालला. तो सोडून दिल्यावर २०१९ मध्ये तेथेही तीच माशी सोडण्यात आली.