बरणीतला बर्फ आणि घरातला कापूस

"आत्या, हे बर्फाची बरणी तुले बनवता येते का?" भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाचीनं मोबाइल थेट नाकासमोर धरला. पडद्यावर काचेचा गोळा, आत इवलंसं घर, कुणीतरी गोळा उलटा करून सरळ ठेवला की त्या घरावर पांढरं काहीतरी भुरभुरायचं. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात दिवाळीच्या सुट्टीला जमलेली चार पोरं, एक रिकामी लोणच्याची बरणी आणि ओसरीपासून माजघरापर्यंत साठवलेला कापूस. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं.

या पोरांनी आभाळातून बर्फ पडताना पाहिलाय तो गारांचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू झोपवून जाणाऱ्या. गार आणि हिम, दोन्ही गोठलेलं पाणीच. पण बोराएवढी गार सेकंदाला 10 मीटरहून जास्त वेगानं येऊन टिनावर आदळते आणि हिमाची पाकळी सेकंदाला साधारण 1 मीटर अशी रमतगमत उतरते. पाकळीचं वजन नगण्य आणि अंग पसरट, त्यामुळे हवा तिला पदोपदी अडवते. धुऱ्यावरच्या रुईची म्हातारी उडते ती याच हिशेबानं. एवढं सांगितल्यावर पोरांना काम कळलं: बरणीत जे काही टाकू ते म्हातारीसारखं पडलं पाहिजे.

पहिली सूचना अर्थातच कापसाची. ढिगातलं एक बोंड घेतलं, हातानं सरकी काढली, कापूस पिंजून पाण्यावर सोडला. तो तरंगला. बोटानं दाबला तरी वर.

"हे बुडून काऊन नाई राह्यलं?"

प्रश्न रास्त होता, कारण कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोज पाण्याच्या सुमारे दीडपट जड. बुडायलाच हवं. पण झाडावरून आलेल्या धाग्यावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. वजनाच्या जेमतेम एक टक्का, पण पाण्याला बाहेर ठेवायला तेवढा पुरतो. धाग्यांमध्ये हवा अडकून राहते आणि ती हवा पुंजक्याला वर धरते. मग घरातल्या औषधाच्या डब्यातला जखमेवर लावायचा कापूस आणला. तो पाण्यावर टेकला, भिजला आणि काही सेकंदांत तळाशी. झाड तेच, धागा तोच. कारखान्यात कॉस्टिक सोड्यात उकळून त्याचं मेण काढलेलं असतं, इतकाच फरक. दवाखान्याचा कापूस चांगला की वाईट हे तपासायची एक रीतसर चाचणीही हीच आहे: 10 सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे. ज्यांच्या घरात वर्षानुवर्षं कापूस येतो त्या पोरांनी हे कधी करून पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

बर्फ म्हणून मात्र दोन्ही कापूस नापास. एक वर चिकटला, दुसऱ्याचा तळाशी ओला बोळा झाला.

मग रवा. ही सूचना माझी आणि तिच्यामागे एक गोष्ट आहे. व्हिएन्नातला एर्विन पेर्झी हा शस्त्रक्रियेची अवजारं बनवणारा कारागीर. 1900 च्या सुमारास तो शस्त्रक्रियेसाठी विजेच्या दिव्याचा उजेड कसा वाढवता येईल या खटपटीत होता. त्या काळचे चांभार मेणबत्तीसमोर पाण्यानं भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड एका जागी गोळा करत. पेर्झीनं तेच धरलं आणि उजेड जास्त परतावा म्हणून पाण्यात चमकणारं काहीबाही टाकून पाहिलं. त्यात एकदा रवा टाकला. उजेड काही वाढला नाही, पण रवा ज्या तऱ्हेनं खाली आला ते पाहून त्याला हिमवर्षाव आठवला. दिवा बाजूला राहिला आणि गोळ्यात चर्च जाऊन बसलं. त्याच्या घराण्याचा कारखाना व्हिएन्नात आजही हेच गोळे बनवतो. त्याआधी 1878 च्या पॅरिसच्या प्रदर्शनातही अशी पाणी भरलेली काचेची पेपरवेटं मांडलेली होती, त्यामुळे पहिला मान कुणाचा यावर वाद घालायचा तर घालता येतो. उपम्याचा रवा व्हिएन्नात बर्फ झाला, यातच आमची पोरं खूश.

आमचा रवा मात्र भसकन तळाला गेला, फुगला, आणि दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ. खाण्याची वस्तू पाण्यात ठेवली की जंतूंची पंगत बसणारच.

शेवटी जमलं ते अंड्याच्या टरफलांनी. आईनं ती स्वयंपाकघरात येऊ दिली नाहीत, त्यामुळे पुढचा सगळा कारभार अंगणात, चुलीवर. टरफलं उकळली, आतलं पातळ कातडं सोलून काढलं (ते राहिलं की कुजतं), वाळवून बाटलीनं लाटली. टरफल म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच. पाण्यात विरघळत नाही, सडत नाही, आणि त्याचे तुकडे चपटे पडतात, म्हणून गिरक्या घेत उतरतात.

तरी साध्या पाण्यात ते घाईतच होते. इथं औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन कामाला आलं. खोलीच्या तापमानाला, म्हणजे 20 अंशांना, शुद्ध ग्लिसरीन पाण्याच्या सुमारे 1400 पट चिकट असतं. भाच्याला धीर कुठला, त्यानं कपात निव्वळ ग्लिसरीन ओतून चिमूटभर चुरा टाकला. चार मिनिटं झाली तरी चुरा वाटेतच. निम्मं पाणी, निम्मं ग्लिसरीन केलं तर चिकटपणा 1400 पटींवरून एकदम 6 पटींच्या आसपास येतो, आणि हवा तो वेग मिळतो. इतकं ग्लिसरीन परवडत नसेल तर दोन वाट्या पाण्याला एक वाटी घ्या, बर्फ जरा घाईनं पडेल इतकंच.

कणाचा आकारही वेग ठरवतो. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञानं 1851 साली मांडलेल्या नियमाप्रमाणे कण निम्म्या जाडीचा केला की वेग निम्मा होत नाही, पाव होतो. हा नियम अगदी बारीक आणि सावकाश पडणाऱ्या कणांचा. पण चाळणीनं चुऱ्याचे दोन भाग करून सोडले तरी मोठ्यांची घाई आणि बारक्यांचा निवांतपणा डोळ्यांना कळतो. तीच गत थंडीची. ग्लिसरीन 30 अंशांना 20 अंशांपेक्षा निम्म्याहून कमी चिकट उरतं. आमच्याकडे नोव्हेंबरात पहाटे शेकोटी आणि दुपारी घाम, त्यामुळे कपातला तोच चुरा सकाळी आळशी आणि दुपारी चपळ. हे मला शिकवावं लागलं नाही, भाचीनं घड्याळ लावून मलाच दाखवलं.

एक सांगायलाच हवं. ग्लिसरीनसारखेच दिसणारे, तसेच चिकट आणि गोडसर, पण विषारी असे दुसरे द्रव असतात. 1986 साली मुंबईत अशाच भेसळीच्या ग्लिसरीननं 14 रुग्ण दगावले होते. म्हणून ते औषधाच्या दुकानातूनच सीलबंद घ्यावं, आणि बरणीतलं पाणी चाखायचं नाही हे लहानांना आधीच बजावावं. बाजारात मिळणाऱ्या तयार गोळ्यांतही काही वेळा गोठणरोधक ग्लायकॉल घातलेलं असतं.

आत काय बसवायचं यावर वाद झालाच नाही: तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचा, बैल. लाकडाचा. झाकणाला चिकटवला, बरणी उलटी केली आणि रात्रीतून बैल सुटून वर पोहू लागला, पाणी गुलाबी. लाकूड पाण्याहून हलकं, त्याचा वर ओढा सतत. आणि लाकूडकामाचा पांढरा गोंद पाण्यात सैल होतो. दुसऱ्या खेपेला प्लास्टिकचा बैल आणि नळगळतीला लावतात ती दोन रंगांची मळून घ्यायची पुट्टी. पाणी उकळून गार केलेलं, कॅनचं. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं खारं पाणी असेल तर ते मुळीच नको. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. तो थेंब हवाच. त्यानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि वर तरंगत राहिलेला चुरा खाली यायला तयार होतो. शिवाय बरणी काठोकाठ भरू नये. नोव्हेंबरच्या पहाटे भरलेली बरणी मे महिन्यात 45 अंशांना पोचते तेव्हा आतला द्रव जवळजवळ चमचाभर फुगतो. त्याला जागा ठेवावी.

बैल आत गेल्यावर चांगला लठ्ठ दिसू लागला. उंची तेवढीच, रुंदी वाढलेली, कारण उभी बरणी म्हणजे एकाच दिशेनं फुगवणारं भिंग. पोरं हसली, पण मला चांभाराचा गोळा आठवला. जो गोळा मेणबत्तीचा उजेड गोळा करतो तो सूर्याचाही करणार. पाण्यानं भरलेल्या काचेच्या गोळ्यातून आलेली किरणं काचेपासून साधारण गोळ्याच्या अर्ध्या व्यासाइतक्या अंतरावर एकवटतात. ग्लिसरीन असेल तर आणखी जवळ. बरणीत बिंदूऐवजी उभी रेघ पडते, ती तुलनेनं सौम्य. पण हिवाळ्याचं तिरपं ऊन खिडकीतून थेट आत येतं. परदेशात खिडकीत ठेवलेल्या अशा गोळ्यांनी पडदे पेटल्याच्या घटना झालेल्या आहेत. आणि आमच्या ओसरीवर तर भाव वाढेल म्हणून थांबवून ठेवलेला कापूस, खिडकीच्या कठड्याला टेकलेला.

भाच्यानं बरणी नेमकी त्याच कठड्यावर मांडली होती. भावानं ती उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि माजघरातल्या अंधाऱ्या कोनाड्यात ठेवली. "इथं कोन पाह्यन?" भाची कुरकुरली. मग तिनंच टॉर्च आणला.