बिले (प्रस्तरारोहण)

कातळकडा चढणाऱ्या आरोहकाच्या कमरेला बांधलेला दोर सहकाऱ्याने गरजेप्रमाणे सोडत वा ओढून घेत राहणे आणि आरोहक निसटल्यास तोच दोर घर्षणाच्या साहाय्याने रोखून धरणे, याला बिले देणे म्हणतात. दोर सांभाळणारा तो बिलेअर. त्याचा एक हात आरोहकाकडील दोराचा ताण जोखतो. दुसरा रोधक हात होय व तो दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. बिले चुकल्याची खूण पुष्कळदा बिलेअरच्याच तळहातावर उमटते. आरोहक या इजेस रोप बर्न म्हणतात; प्रस्तुत नोंदीत तिच्यासाठी घर्षणदाह ही संज्ञा वापरली आहे.

एकोणिसाव्या शतकात आल्प्समधील गिर्यारोहक एकमेकांना दोराने बांधून घेत. परंतु वनस्पतिजन्य तंतूंचे ते दोर मोठा हिसका सोसण्याजोगे नव्हते. मॅटरहॉर्नच्या पहिल्या यशस्वी आरोहणानंतर उतरताना (१४ जुलै १८६५) दोर तुटून चौघे मृत्युमुखी पडले. सर्वांत पुढच्या आरोहकाने पडूच नये, हा दंडक त्यानंतरही दीर्घकाळ टिकला. दोर थोडा निसटू देऊन हिसका सौम्य करणाऱ्या गतिशील बिलेचे श्रेय नेमके कोणाला द्यावे, हा प्रश्न सरळ नाही. अमेरिकन गिर्यारोहक रॉबर्ट अंडरहिल यांनी १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडात यूरोपीय दोरतंत्राची ओळख करून दिली, म्हणून काही जण मूळ यूरोपाकडे दाखवतात. तथापि मुद्दाम पडून पाहणे आणि बिलेअरने स्वतःच्या कमरेभोवती घेतलेल्या दोराला किती वाव द्यावा याचा पद्धतशीर सराव करणे, ही रिचर्ड लेनर्ड व त्यांच्या बर्कले येथील सहकाऱ्यांची १९३० च्या दशकातील भर दिसते. त्यामुळे तंत्राचे नसले, तरी त्याच्या शास्त्राचे श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. लेनर्ड व आर्नल्ड वेक्सलर यांचे या विषयावरील विवेचन १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. वेक्सलर यांनी १९५० मध्ये त्याची गणिती बाजू स्वतंत्रपणे मांडली.

या विवेचनातील कळीची राशी म्हणजे पतन गुणांक, अर्थात पडलेले अंतर भागिले बिलेअरपासून सुटलेल्या दोराची लांबी. मधला एकही आधार (कड्यात बसवून त्यातून दोर ओवण्याची जागा) न लावता ५ मी. वर गेलेला आरोहक निसटल्यास १० मी. पडतो व गुणांक २ होतो. तितक्याच लांबीचे पतन ४० मी. दोर सुटलेला असताना झाले, तर गुणांक अवघा पाव असतो. पहिला आधार लवकर लावण्याचा आग्रह यातूनच येतो. नायलॉनच्या ताणक्षम दोरांमुळे हिसक्याचा मोठा भाग दोरच शोषू लागला. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या (यूआयएए) मानकानुसार एकेरी दोराच्या चाचणीत ८० किग्रॅ. वजनाच्या पहिल्या पतनात आघातबल १२ किलोन्यूटनांपेक्षा अधिक भरता कामा नये.

नुसत्या मुठीची पकड मात्र काहीशे न्यूटनांपलीकडे जात नाही. उरलेले काम शरीराभोवती वा साधनाभोवती पडलेल्या दोराच्या वेढ्याचे असते: घर्षणांक ०·३ धरल्यास अर्धा वेढा पकड सुमारे अडीचपट, तर पूर्ण वेढा सुमारे साडेसहापट करतो. फ्रिट्झ श्टिख्ट यांच्या १९७० च्या सुमारास प्रचारात आलेल्या छिद्रयुक्त पट्टीत व तिच्या वंशातील नळीवजा साधनांत हा वेढा धातूवर पडतो. त्यांत रोधक दोर साधनाच्या खाली धरला, तरच पुरेसा कोन मिळतो. कॅराबिनरवरील (दोर अडकवण्याच्या, उघडमीट होणाऱ्या धातूच्या कडीवरील) मुंटर गाठीत याउलट दोराच्या दोन्ही बाजू समांतर असताना रोध सर्वाधिक असतो. ही गाठ स्विस मार्गदर्शक व्हेर्नर मुंटर यांच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती इटलीत आधीपासून वापरात असावी. मुंटर यांच्याकडे प्रसाराचे श्रेय देणे पुरेसे आहे. ग्रीग्री (१९९१) यासारखी साधने दोर आपोआप आवळतात, पण त्यांतही रोधक हात सोडण्याची मुभा नाही.

घर्षणदाहाचे कारण पकडीच्या बलाइतकेच निसटलेल्या दोराच्या लांबीत आहे. २५० न्यूटन पकडीतून २ मी. दोर सरकला, तर सु. ५०० जूल ऊर्जा उष्णतेत बदलते. सरकत्या दोराचा प्रत्येक भाग मुठीत क्षणभरच असतो, तळहाताची तीच त्वचा मात्र सतत घासली जाते. म्हणून दोर शाबूत राहतो आणि हात भाजतो. हाच नियम उलटून नायलॉनच्या स्थिर पट्टीवरून दोर धावला, तर पट्टी वितळून तुटू शकते. कमरेवरील बिलेत पाठ व दंडही भाजतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा जाड सदरा व घट्ट बसणारे चामडी हातमोजे आवश्यक असतात. भाजल्यास अंगठी तत्काळ काढून तो भाग सुमारे २० मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धरावा व निर्जंतुक, न चिकटणाऱ्या पट्टीने झाकावा. तूप वा टूथपेस्ट लावू नये. धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी. खोल जखम भरताना बोटे आखडण्याचा संभव असल्याने ती शल्यविशारदाला दाखवणे इष्ट.

सह्याद्रीच्या बेसाल्ट कड्यांवर सुटे दगड पुष्कळ असल्याने बिलेअरने आरोहकाच्या सरळ रेषेखाली उभे राहणे टाळावे. नवशिक्यांना रॅपलिंग (दोरावरून घसरत कडा उतरणे) करवताना मुख्य दोराखेरीज वेगळ्या दोरावर बिले देतात. मोठ्या पतनानंतर दोर बोटांनी चाचपून तपासतात व वितळून चकाकी आलेला किंवा कडक झालेला भाग आढळल्यास तो दोर बाद करतात.