रोमन साम्राज्याचा घसरता खुर्दा

रोमन नाणी म्हटलं की ऑगस्टस-टायबेरियसची चांदी आठवते. नवख्या संग्राहकाच्या हाती मात्र बहुधा पडतो तो चौथ्या शतकातला ब्राँझचा खुर्दा: झिजलेला, कळकलेला आणि खिशाला परवडणारा.

त्याची सुरुवात दमदार होती. तिसऱ्या शतकात नाण्यांतली चांदी आटत जाऊन चलनाचा पार बोजवारा उडाला होता. तो सावरायला सम्राट डायोक्लेशियनने इ. स. २९४च्या सुमारास दहा ग्रॅमच्या आसपासचं नवं नाणं काढलं, वर चांदीचा पातळ मुलामा देऊन. महागाई तरीही हटेना. ३०१मध्ये कमाल दरांचं फर्मान निघालं, तेही फसलं. मग वजन उतरत गेलं. सम्राट ज्युलियनने मध्येच बैलाचं चित्र असलेलं जाडजूड नाणं पाडून पाहिलं, ते टिकलं नाही. शतकाअखेर सर्वांत लहान नाणं जेमतेम एक ग्रॅमवर आलं.

ओळख पटवायला ही घसरणच कामी येते. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, दोन सैनिकांचं चित्र असलेलं नाणं घ्या. ३३० ते ३३५च्या सुमारापर्यंत सैनिकांच्या मध्ये दोन ध्वज दिसतात. पुढे चकती लहान झाली आणि ध्वज एकच उरला. सम्राटाचा चेहरा पुसला गेला असला तरी ध्वज मोजून काळ पाच-सहा वर्षांत बांधता येतो. ३४८नंतरच्या नाण्यांवर तर ‘सुखाचे दिवस परतले’ अशी ग्वाही आहे. हातातलं नाणं हलकं होत असताना अशी घोषणा सरकारच करू जाणे!

चित्राच्या तळाशी, आडव्या रेषेखाली, टांकसाळीची खूण असते. एकच नमुना साम्राज्यभर डझनभर टांकसाळींत पाडला जाई, म्हणून हिशेबाला ती लागे. ‘एएनटी’ म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अँटिओक, ‘टीआर’ म्हणजे आजच्या जर्मनीतलं ट्रियर, ‘एसआयएस’ म्हणजे आजच्या क्रोएशियातलं सिसाक. पूर्वेकडे सोबत टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक ग्रीक अक्षरात. भिंगाखाली सगळी डोकेफोड होते ती याच तीन-चार अक्षरांसाठी. कार्सन, हिल आणि केंट यांनी १९६०मध्ये ३२४ ते ४९८ या काळातल्या नाण्यांची सूची छापली, तिचे क्रमांक आजही दिले जातात.

हा खुर्दा आपल्याकडेही पोचला. करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात, मदुराईत आणि श्रीलंकेत तो भरपूर सापडलाय. श्रीलंकेत त्याच्या नकलाही पाडल्या गेल्या. तिथे तो बाजारात चिल्लर म्हणून फिरला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. भारतात सापडलेलं असं नाणं १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.