हॅनफर्डची बी भट्टी: न्यूट्रॉनचा जमाखर्च आणि झेनॉनची तूट

250 मेगावॉट उष्णता, मिनिटाला 1 लाख 13 हजार लिटर नदीचं पाणी, सुमारे 200 टन युरेनियम, आणि एवढा खटाटोप करून दिवसाकाठी हाती येणार होतं अणुबॉम्बसाठीचं जेमतेम पाव किलो प्लुटोनियम. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथे 1944 मध्ये सुरू झालेल्या बी भट्टीचा आराखडा हा असा होता. औद्योगिक प्रमाणावर चालवलेली ही जगातली पहिली अणुभट्टी. तिने विजेचं एक युनिटही तयार केलं नाही. तिच्या दृष्टीने उष्णता म्हणजे कचरा होता, आणि तो वाहून नेण्यातच सगळं अभियांत्रिकी कसब खर्ची पडलं.

भट्टी एवढी मोठी का लागली, ते साध्या गुणाकारातून कळतं. युरेनियम-238 ने एक न्यूट्रॉन गिळला की युरेनियम-239 बनतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा वेळ, साडेतेवीस मिनिटं. त्यातून नेपच्युनियम-239 तयार होतं, अर्धायुष्य सव्वादोन दिवसांहून थोडं जास्त, आणि शेवटी प्लुटोनियम-239. एक मेगावॉटची भट्टी दिवसभर चालली की साधारण एक ग्रॅम प्लुटोनियम, हा ढोबळ हिशोब. 2 डिसेंबर 1942 ला शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने पेटवलेली पहिली रचना पुढे फार तर 200 वॉटपर्यंत नेली होती. तिच्यातून किलोभर प्लुटोनियम काढायचं तर तेरा-चौदा हजार वर्षं लागली असती. ओक रिजची एक्स-10 भट्टी हवेने थंड होणारी, काही मेगावॉटपर्यंत जाणारी. रसायनशास्त्रज्ञांना हात बसवण्यापुरतं प्लुटोनियम तिने पुरवलं, त्यापुढे तिची मजल नव्हती.

कर्नल फ्रँकलिन मथायस यांनी डिसेंबर 1942 मध्ये हॅनफर्डची जागा हेरली ती तीन गोष्टींसाठी: कोलंबिया नदीचं थंड पाणी, ग्रँड कुली धरणाची वीज आणि विरळ वस्ती. विरळ म्हणजे ओसाड नव्हे. हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही दोन गावं उठवली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासेमारी करणाऱ्या वानापम लोकांनाही हलावं लागलं. बांधकामाचं कंत्राट ड्यूपाँट या रासायनिक कंपनीकडे होतं. बी, डी आणि एफ या तिन्ही भट्ट्या नदीकाठी मुद्दाम काही मैलांच्या अंतराने ठेवल्या. एकीत अनर्थ झालाच तर बाकीच्या दोन वाचाव्यात, एवढाच हेतू.

भट्टीचा गाभा म्हणजे ग्रॅफाइटचा प्रचंड ठोकळा: 36 फूट उंच, 36 फूट रुंद आणि पुढून मागे 28 फूट खोल. चार इंचांहून किंचित जाड, चार फूट लांब अशा सुमारे 75 हजार विटा त्यात रचलेल्या. ग्रॅफाइटचं काम न्यूट्रॉनचा वेग कमी करण्याचं, कारण संथ न्यूट्रॉनच युरेनियम-235 सहज फोडतात. या ठोकळ्यातून पुढून मागे अॅल्युमिनियमच्या 2004 आडव्या नळ्या गेल्या होत्या. नळीत युरेनियमच्या आठ इंच लांब, दीड इंचाहून जरा कमी जाडीच्या कांड्या एकापुढे एक, आणि कांडी व नळी यांच्यामधल्या फटीतून पाणी.

ही फट होती अवघ्या दोन मिलिमीटरांच्या आसपास. इथेच न्यूट्रॉनच्या जमाखर्चाला सुरुवात होते. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्टीत शिल्लक फार थोडी असते. ग्रॅफाइट थोडे न्यूट्रॉन खातं, अॅल्युमिनियम थोडे, पाणी बऱ्यापैकी. फट रुंद केली तर थंडावा चांगला मिळतो, पण साखळी प्रक्रिया, म्हणजे एका अणूतून सुटलेल्या न्यूट्रॉनने पुढचा अणू फुटत जाणं, मरते. अरुंद केली तर न्यूट्रॉन वाचतात, पण कांडी तापून फुटण्याचा धोका. पाणी किती न्यूट्रॉन खातं हे सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं. कोरड्या भट्टीत सुमारे 400 नळ्या भरल्यावर साखळी टिकली. पाणी सोडल्यावर त्यासाठी आठशेच्या वर नळ्या भराव्या लागल्या. याची दुसरी बाजू घाबरवणारी होती: चालत्या भट्टीतलं पाणी अचानक गेलं तर प्रक्रिया मंदावत नाही, उलट जोर धरते.

म्हणून पाण्याची व्यवस्था एकावर एक रचलेली होती. मुख्य पंप विजेवर चालत. वीज गेली तरी पाण्याचा वेग झटकन उतरू नये म्हणून त्यांना जड गतिपालचक्रं बसवलेली. तोवर वाफेवर चालणारे पंप भार उचलत, आणि तेही हुकले तर उंचावरच्या टाक्यांतलं पाणी गुरुत्वाने खाली येई. भट्टी बंद केली म्हणजे थंड झाली असं होत नाही, म्हणून एवढी तजवीज. विखंडनातून, म्हणजे युरेनियमचे अणू फुटून, उरलेले तुकडे किरणोत्सारी असतात आणि बंद केल्याच्या क्षणीही ते सहा-सात टक्के उष्णता देतच राहतात. 250 मेगावॉटच्या सहा टक्के म्हणजे 15 मेगावॉट.

पाणी नदीतून उपसून, तुरटी घालून, गाळून, आम्लता जुळवून मग आत जाई. अॅल्युमिनियम गंजू नये म्हणून त्यात किंचित सोडियम डायक्रोमेट मिसळत. एवढं करूनही नळ्यांच्या आत लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर बसायचा. मग पाण्याबरोबर डायटमी मातीचं मिश्रण सोडून तो घासून काढावा लागे. एका नळीतून पाणी जेमतेम दोन-तीन सेकंदांत पार होई, आणि पूर्ण क्षमतेवर तेवढ्यात सरासरी 30 अंशांच्या वर तापे. बाहेर पडल्यावर काही तास मोठ्या टाक्यांत ठेवून ते परत नदीत सोडत. अल्पायुषी किरणोत्सार तेवढ्या वेळात बराच ओसरे, पण सगळा नाही. फॉस्फरस-32 माशांच्या शरीरात साठत गेला, झिंक-65 समुद्रापर्यंत पोचून कालवांत सापडलं, आणि डायक्रोमेटमधल्या क्रोमियमने तिथलं भूजल बिघडवलं.

नियंत्रण कक्षातली एक भिंत दाबमापकांनीच भरलेली होती, दर नळीला एक, असे 2004. मापक नळीच्या तोंडाकडचा दाब दाखवी. दाब वाढला तर पुढे काहीतरी अडकलंय, बहुधा फुगलेली कांडी. दाब पडला तर पुरवठा कमी झालाय किंवा गळती आहे. 2004 पैकी एकाही काट्याने हद्द ओलांडली की भट्टी आपोआप बंद. एका काट्यापायी अख्खा कारखाना थांबवणं अतिरेकी वाटेल, पण ते बरोबरच होतं: एका नळीतलं पाणी थांबलं तर तिथलं युरेनियम वितळायला फार वेळ लागला नसता.

भट्टी थोपवायला बाजूच्या भिंतीतून आत-बाहेर होणारे, न्यूट्रॉन गिळणारे नऊ आडवे नियंत्रक दांडे होते. वर 29 उभे सुरक्षा दांडे टांगलेले; संकटात ते सोडून दिले की आपल्याच वजनाने खाली पडत. तेही अडकले तर न्यूट्रॉन गिळणाऱ्या बोरॉनचं द्रावण ओतायची सोय होती. पुढे द्रावणाऐवजी बोरॉन मिसळलेल्या पोलादाच्या गोळ्या आल्या. ग्रॅफाइटभोवती हवेऐवजी हेलियम भरला होता, कारण हवेतला नायट्रोजन न्यूट्रॉन खातो. शिवाय हेलियममध्ये ओल सापडली की कुठेतरी नळी गळतेय, हा इशारा आयताच मिळे.

या प्रकल्पाला सगळ्यात जास्त रडवलं ते मात्र डबाबंदीने. युरेनियम गरम पाण्याला लागलं की गंजतं आणि फुगतं. फुगलेली कांडी दोन मिलिमीटरांची फट बुजवते, नळीत घट्ट बसते आणि पाण्यात किरणोत्सार सोडते. म्हणून प्रत्येक कांडी अॅल्युमिनियमच्या डबीत हवाबंद हवी. नुसती हवाबंद असूनही भागत नाही. डबी आणि धातू यांच्यात कुठे पोकळी राहिली तर तिथून उष्णता बाहेर पडत नाही आणि तेवढाच डाग तापतो. अखेर जमलेली पद्धत अशी: कांडी आधी वितळलेल्या कांस्यात बुडवायची, मग कथलात, मग अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या वितळलेल्या मिश्रणात, आणि त्याच मिश्रणाखाली ती डबीत सरकवून झाकण बसवायचं. तापमान थोडं जास्त झालं की डबीच विरघळते, कमी झालं की जोड धरत नाही. तयार कांड्या दाबाच्या वाफेत ठेवून तपासत. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी आतलं युरेनियम फुगून डबी फुगे. सुरुवातीला चांगल्यापेक्षा वाया गेलेल्या कांड्याच जास्त निघत. हजारोंच्या संख्येने लागणाऱ्या कांड्या पुरेशा हाती येऊ लागल्या तोवर 1944 चा उन्हाळा उजाडला होता.

13 सप्टेंबर 1944 ला फर्मीच्या उपस्थितीत इंधन भरायला सुरुवात झाली. 26 तारखेला सुमारे 900 नळ्या भरून रात्री शक्ती वाढवायला घेतली. मध्यरात्रीनंतर भट्टी 9 मेगावॉटवर पोचली, सगळं सुरळीत. पहाटेपासून मात्र चालकांना नियंत्रक दांडे थोडे थोडे बाहेर ओढावे लागू लागले. तेवढीच शक्ती टिकवायला दर तासाला आणखी दांडा बाहेर. शेवटी ओढायला काही उरलंच नाही, आणि 27 च्या संध्याकाळी भट्टी आपसूक विझली.

पहिला संशय अर्थातच पाण्यावर: नळी गळून ग्रॅफाइट भिजलं असेल. पण हेलियम कोरडा होता. आणि 28 च्या पहाटे, कुणी काही दुरुस्त केलेलं नसताना, भट्टीत पुन्हा जीव आला. गळती अशी आपणहून बुजत नाही. पुन्हा चालवली, पुन्हा तसंच. भट्टी सावरायला लागणारा वेळ पाहून भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी उलगडा केला. भट्टीतच तयार होऊन भट्टीतच नाहीसं होणारं काहीतरी न्यूट्रॉन गिळत होतं, आणि त्याचं अर्धायुष्य नऊ तासांच्या आसपास होतं. झेनॉन-135 या वर्णनात चपखल बसत होता.

दर 100 विखंडनांमागे सहाच्या वर वेळा तुकड्यांच्या ऱ्हासातून आयोडीन-135 तयार होतं. त्याचं अर्धायुष्य 6.6 तास, त्यातून झेनॉन-135 बनतो, अर्धायुष्य 9.1 तास. हा झेनॉन संथ न्यूट्रॉनचा असा काही अधाशी आहे की न्यूट्रॉन गिळण्याची त्याची क्षमता युरेनियम-235 च्या फुटण्याच्या क्षमतेच्या साडेचार हजार पटींच्या घरात जाते. आयोडीन आधी साचतं आणि झेनॉन मागून येतो, म्हणून पहिले काही तास भट्टी ठणठणीत दिसते. शिकागो आणि ओक रिजच्या भट्ट्यांत न्यूट्रॉनची गर्दीच इतकी विरळ होती की हा परिणाम नजरेत भरला नाही. वॉल्टर झिन यांनी शिकागोजवळची जड पाण्याची भट्टी सलग पूर्ण शक्तीवर चालवून पाहिली तेव्हा तिथेही झेनॉन सापडला. पुढे ट्रॉम्बेच्या सायरससकट जगातली प्रत्येक मोठी भट्टी झेनॉनसाठी वेगळी तरतूद ठेवूनच आखली गेली.

हॅनफर्डला ही तरतूद झेनॉनचं नावही चर्चेत नसताना झालेली होती. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांच्या गटाच्या आराखड्यात वर्तुळाकार मांडणीत 1500 नळ्या होत्या. भौतिकशास्त्राच्या हिशोबाने तेवढ्या पुरेशा. ड्यूपाँटचे जॉर्ज ग्रेव्हज यांनी हट्ट धरून चौकोनाच्या कोपऱ्यांत आणखी 504 नळ्या घालायला लावल्या. शास्त्रज्ञांना तो पैशाचा आणि वेळेचा अपव्यय वाटला. वाटणारच, त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. ग्रेव्हज यांच्याकडेही वेगळं गणित नव्हतं. नवा कारखाना उभा करताना न सुचलेलं काहीतरी निघतंच, ही रासायनिक उद्योगातली मुरलेली सवय तेवढी होती. टप्प्याटप्प्याने नळ्या भरत 28 डिसेंबर 1944 ला सगळ्या 2004 नळ्यांनिशी भट्टी चालू झाली आणि फेब्रुवारी 1945 मध्ये 250 मेगावॉटला पोचली. कोपऱ्यांत या नळ्यांची सोयच नसती तर ठोकळा नव्याने रचावा लागला असता.

झेनॉनने रोजच्या कामालाही शिस्त लावली. भट्टी अचानक बंद पडली की न्यूट्रॉन गिळून झेनॉनचं संपत जाणं थांबतं, पण साचलेल्या आयोडीनमधून नवा झेनॉन येतच राहतो. त्यामुळे दोष सापडून थोड्याच वेळात परत चालू करता आली तर ठीक, नाहीतर दिवसभर हात बांधून बसायचं. 10 मार्च 1945 ला जपानने सोडलेला एक बॉम्बवाहू फुगा वाऱ्याबरोबर येऊन वीजवाहिनीवर अडकला. वीज क्षणभर खंडित झाली, सुरक्षा दांडे पडले, पर्यायी व्यवस्थेने पाणी चालू ठेवलं. इजा काही झाली नाही, पण भट्ट्या पूर्ववत व्हायला दिवस गेले.

तयार कांड्या काढायची रीत साधी होती. भट्टी बंद करायची, नळीचं पुढचं झाकण काढायचं आणि यंत्राने नव्या कांड्या आत रेटायच्या. जुन्या मागच्या बाजूने 20 फूट खोल पाण्याच्या कुंडात पडत. तिथून त्या लांब चिमट्यांनी गोळा करून पाण्याखालीच बादल्यांत भरत. काही आठवडे तशाच ठेवल्या की आयोडीन-131 ओसरे, आणि मग त्या 800 फूट लांब काँक्रीटच्या इमारतीत विरघळवून बिस्मथ फॉस्फेटच्या साह्याने प्लुटोनियम वेगळं काढत. पहिला साठा फेब्रुवारी 1945 मध्ये लॉस अलामॉसच्या बॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेला गेला. 9 ऑगस्टला नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम हॅनफर्डचंच.

युद्ध संपल्यावर दुसरं दुखणं वर आलं. वेगवान न्यूट्रॉनच्या माऱ्याने ग्रॅफाइटमधले अणू जागचे हलतात आणि ग्रॅफाइट फुगतं. विग्नर यांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. ठोकळा फुगला, नळ्या वाकू लागल्या, आणि वाकड्या नळीत कांडी अडकण्याची भीती. मार्च 1946 मध्ये बी भट्टी बंद करून ठेवली. बाकीच्या दोन निकामी झाल्याच तर एक तरी हाताशी असावी म्हणून. पुढे उपाय सापडला तो उलट्या दिशेचा: ग्रॅफाइट जास्त गरम ठेवलं की हललेले अणू बरेचसे जागेवर परततात. त्यासाठी हेलियममध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळला. तो उष्णता कमी वाहून नेतो, म्हणून ग्रॅफाइट आपोआप तापतं. 1948 मध्ये बी पुन्हा सुरू झाली, पंप आणि पाणी वाढवत तिची शक्ती 2000 मेगावॉटच्या आसपास नेली गेली, आणि फेब्रुवारी 1968 मध्ये ती कायमची थांबली.